शुगर असली की साधी पुळी का चिघळते?

मल्हारगंजातल्या एक काकू आमच्या ड्रेसिंग रूममध्ये आल्या तेव्हा त्यांनी पदर मानेभोवती घट्ट लपेटला होता. मे महिन्यातली इंदूरची दुपार, पंखासुद्धा गरम हवा फेकत होता, आणि काकू काही पदर सोडायला तयार नव्हत्या. सुनेनं समजूत घालून तो बाजूला केला. केसांच्या रेषेखाली तळहाताएवढी लालजांभळी सूज होती. तिला एक नाही, सात-आठ तोंडं होती. चाळणीतून यावा तसा पू येत होता. सून म्हणाली, "बारा दिवस झाले. आधी पुळीच होती. आई म्हणाल्या, पिकेल आणि फुटेल."

काकूंना दुखण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा त्रास होत होता. "सिस्टर, मी दोन वेळा आंघोळ करते हो. घरात कचऱ्याचा कण दिसायचा नाही. मग मलाच हे असलं घाण कसं झालं?"

बोटातून थेंब काढून शुगर पाहिली. ३८०. आपल्याला मधुमेह आहे हे काकूंना त्या दिवशी कळलं. मधल्या बारा दिवसांत एका दवाखान्यात त्यांना दोनदा अँटिबायोटिक दिलं गेलं होतं, पण शुगर कुणी तपासली नव्हती. याचा मला आजही राग येतो.

मी आता निवृत्त झाले. पण ड्रेसिंग रूमच्या इतक्या वर्षांत काकूंचा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी शेकडो वेळा विचारला गेला. २०१७ पासून आपलं इंदूर स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं येतंय आणि इथल्या माणसाला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. पण त्यामुळे अंगावर फोड, नायटा, बुरशी आली की ती अस्वच्छतेची खूण समजून लोक लपवतात. लपवण्यात आठवडा जातो आणि तोच आठवडा महागात पडतो. म्हणून नीट सांगते, मधुमेहात त्वचा वारंवार पिकते, चिघळते, ते अंघोळ कमी पडली म्हणून नव्हे.

काकूंना झाली होती ती काळपुळी. ती करणारे जंतू काही बाहेरून उकिरड्यावरून आलेले नसतात. दर तीन धडधाकट माणसांतल्या साधारण एकाच्या नाकात ते मुक्कामालाच असतात, कुणाच्या काखेत, कुणाच्या जांघेत. ते केसाच्या मुळाशी शिरतात. बहुतेकांना त्यातून एखादा केसतोड होतो, चार दिवसांत फुटतो आणि आपण विसरतो. मधुमेहात तोच केसतोड शेजारच्या मुळांत पसरतो, आतल्या आत जोडला जातो आणि काळपुळी होते. जंतू तेच असतात, फरक शरीरात पडलेला असतो. ही ओळख आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत 'प्रमेहपिडका' या नावाखाली दहा प्रकारच्या पुळ्या सांगितल्या आहेत, म्हणजे प्रमेहाच्या, आजच्या मधुमेहाशी जुळणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला होणाऱ्या पुळ्या. पुळी आणि साखर यांचं नातं वैद्यांनी केवळ बघून ओळखलं होतं. ते का असतं, हे कळायला मात्र फार काळ जावा लागला.

आता एक प्रश्न, जो मला एका आजींनी विचारला होता आणि ज्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. "साखरेच्या पाकात घातलेला मुरंबा वर्षभर टिकतो, त्याला बुरा येत नाही. मग रक्तात साखर वाढली की माणूस का नासतो?"

फार चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर हिशोबात आहे. मुरंब्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. एवढा दाट पाक जंतूच्या अंगातलं पाणी ओढून घेतो, जंतू सुकतो. आता रक्त पाहा. उपाशीपोटी शुगर १०० आली म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम साखर. अंगात रक्त साधारण पाच लिटर, म्हणजे सगळं मिळून पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. शुगर ४०० झाली तर चार चमचे. पाच लिटर पाण्यात चार चमचे साखर टाकून ती कुणी पाक म्हणेल का? जंतू सुकवायला ही साखर कुठेच पुरत नाही. पण आपल्या स्वतःच्या पेशींना एका चमच्याची सवय असते. त्यांना चार चमचे झेपत नाहीत.

'रक्तात गोड वाढलं, जंतूंना खाऊ मिळाला' असं लोक म्हणतात, तेही अर्धंच खरं आहे. बुरशीला, विशेषतः कॅन्डिडा नावाच्या बुरशीला, त्या साखरेचा फायदा होतो. पण पू करणाऱ्या जंतूंना एका चमच्यातही पोटभर मिळतच होतं. खरी गडबड पांढऱ्या पेशींची होते.

साध्या माणसाला काटा टोचला की काय होतं? तिथल्या पेशी रासायनिक इशारे सोडतात. त्या दिशेने रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, फटीतून बाहेर सरकतात, जंतूला गाठतात आणि गिळतात. गिळून काम संपत नाही, त्याला आत मारावं लागतं. त्यासाठी पांढरी पेशी काय बनवते माहीत आहे? हायड्रोजन पेरॉक्साइड. ड्रेसिंग रूममध्ये जखमेवर ओतल्यावर फेस येणारी जी बाटली असते, तिच्यातलंच द्रव्य. ते बनवायला पेशीला एक विशिष्ट शिदोरी लागते. रक्तात साखर फार वाढली की ती पांढऱ्या पेशीतही शिरते, आणि त्या जादा साखरेची विल्हेवाट लावण्यात पेशी तीच शिदोरी खर्च करून बसते. जंतू गिळलेला असतो, पण मारायला हाताशी काही उरलेलं नसतं. शिवाय भिंतीला चिकटणं, फटीतून निसटणं, धावणं हे सगळंच मंदावतं. जंतूंना सुरुवातीचे काही तास मोकळे मिळाले की त्यांची संख्या कुठच्या कुठे जाते.

यातली दिलासा देणारी गोष्ट रुग्णांना कुणी सांगत नाही. पांढऱ्या पेशींची ही सुस्ती बरीचशी परत जाते. शुगर ताब्यात आली की त्या पुन्हा कामाला लागतात. काकूंना इन्सुलिन सुरू झालं, शस्त्रक्रिया करून काळपुळी साफ केली आणि दुसऱ्याच आठवड्यात जखमेचा तळ फिका, पिवळट होता तो डाळिंबाच्या दाण्यांसारखा लाल दिसू लागला. लाल, ओलसर, बारीक दाणेदार तळ म्हणजे जखम भरायला लागली. तो रंग दिसला की आम्ही नर्सेस एकमेकींना बोलावून दाखवायचो. इन्सुलिन टोरांटोत १९२१ साली सापडलं आणि १९२२ पासून माणसांना मिळू लागलं. त्याआधी अशा काळपुळीनं माणसं जात असत.

पण साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली तर जे बिघडतं, ते सगळं परत येत नाही. त्यात दोन गोष्टी मोठ्या, रक्तवाहिन्या आणि नसा.

रक्तवाहिन्यांचं लवकर सांगून होतं. पायाकडे जाणाऱ्या धमन्या आतून अरुंद होतात. मग जखमेला प्राणवायू कमी, पांढऱ्या पेशी कमी, आणि आपण गिळलेलं अँटिबायोटिकसुद्धा कमी पोहोचतं. 'एवढ्या भारी गोळ्या घेतल्या तरी पायाची जखम भरत नाही' या तक्रारीमागे बरेचदा हे असतं. तंबाखू आणि बिडी धमन्या आणखी आवळतात.

नसांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं.

रामबागेतले एक काका, कापड मिलमधून निवृत्त झालेले, बायकोबरोबर आले. फरशीवर लाल ठिपके कसले पडतात म्हणून काकूंनी शोध घेतला, तर ते काकांच्या पावलाचे निघाले. मी त्यांची चप्पल हातात घेतली आणि आत बोट फिरवलं. टाचेच्या जागी खिळ्याचं टोक वर आलेलं होतं. ते टोक किमान चार-पाच दिवस त्यांच्या टाचेत जात-येत होतं. मी विचारलं, "काका, टोचलं नाही?" ते हसून म्हणाले, "छे! काही दुखत नाही. दुखत नाही ना, मग बरंच आहे की."

या वाक्याची मला जितकी भीती वाटते तितकी पुवाची, वासाची कशाचीच वाटत नाही. शुगर अनेक वर्षं जास्त राहिली की नसा मरतात, आणि सर्वांत लांब नसा आधी. म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. आधी मुंग्या येतात, रात्री तळपाय जळजळतात. पुढे ती जळजळ थांबते. माणसाला वाटतं, बरं झालं. खरं तर नसेनं बोलणंच सोडलेलं असतं. दुखणं ही शरीराची हाक आहे. ती बंद पडली की खिळा, खडा, चटका, घट्ट बूट यांपैकी कशाचीच बातमी मेंदूपर्यंत जात नाही.

हे घरी कळत नाही, पण दवाखान्यात दोन मिनिटांत कळतं. नायलॉनची एक बारीक तार असते, वाकेपर्यंत दाबली की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटायला सांगून ती तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात. जिथे ती कळत नाही, तिथे पायाची राखणदारी गेली. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. डॉक्टरांनी पाय पाहिला नाही तर आपण होऊन मोजे काढून पुढे करावा, त्यात संकोच कसला?

नसांचं आणखी एक काम आपल्या लक्षात येत नाही, ते म्हणजे घाम. पायाचा घाम बंद झाला की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात. आपल्याला भेग म्हणजे दिसण्याचा प्रश्न वाटतो, पण जंतूंच्या दृष्टीनं ते उघडं दार असतं. रात्री खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलिन टाचांना लावणं हा माझ्या मते मधुमेहातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपचार आहे. फक्त बोटांच्या बेचक्यांत लावू नका. तिथे आधीच ओल असते आणि ओलीत बुरशी माजते.

बुरशीचं सांगायचं तर पावसाळ्यात ड्रेसिंग रूमचा रंगच बदलायचा. बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या, भिजून लिबलिबीत झालेल्या चिखल्या, जांघेत गोल कडांचा नायटा, स्तनांखाली आणि पोटाच्या वळीत लाल, चुरचुरणारे चट्टे, नखाच्या कडेला सूज. जिथे कातडीला कातडी लागते तिथे घाम साचतो, हवा लागत नाही. निरोगी त्वचा थोडी आंबट असते आणि तो आंबटपणाच जंतूंना थोपवतो. मधुमेहात नेमका या वळ्यांतला आंबटपणा कमी झालेला असतो. त्यात घामात साखर जरा जास्त. बुरशीला आणखी काय हवं? चिखल्यांकडे तर मुळीच काणाडोळा करू नका. बेचक्यातल्या त्या एवढ्याशा चिरेतून जंतू आत शिरून आख्खी पोटरी लाल, गरम, टम्म झालेली मी कितीदा पाहिली आहे. असे लोक पाय दाखवायला येतात, बोटं दाखवायला विसरतात.

आणि इथे सगळे एक चूक करतात. खाज सुटली की मेडिकलवर जाऊन मलम मागायचं. तीन-तीन औषधं एकत्र असलेली एक नळी मिळते, त्यात एक स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं दोन दिवसांत खाज आणि लाली थांबते, माणूस खूश होतो. पण लाली म्हणजे शरीराचा प्रतिकार होता, स्टेरॉइडनं तोच दाबला. खाली बुरशी निवांत पसरते, नळी थांबली की दुप्पट होऊन वर येते, आणि कातडी पातळ होते ते वेगळंच. नायटा महिनोन्महिने का जात नाही, याचं उत्तर बरेचदा त्या नळीवरच छापलेलं असतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून फक्त बुरशीचं औषध, सांगितलं तितके आठवडे, पूर्ण करायचं. दिसायला बरं झालं म्हणून मध्येच सोडायचं नाही.

आता जे कुणी बोलत नाही ते बोलते. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते. त्यामुळे बायकांना खाली सतत खाज, दह्यासारखा पांढरा स्राव, आणि पुरुषांना लिंगाच्या टोकाच्या कातडीवर लाल चिरा, कातडी मागे सरकेनाशी होणं, हे मधुमेहाचं पहिलं लक्षणही असू शकतं. नवराबायकोत यावरून संशय आणि भांडणं झालेली मी पाहिली आहेत, आणि कारण निघालं शुगरचं. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची जी नवी औषधं आहेत, ती मुळात साखर लघवीतून बाहेर काढूनच काम करतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा मोठा आहे, पण अशी बुरशी त्यांनी वाढू शकते. लघवीनंतर पाण्यानं धुऊन कोरडं करायचं, आणि त्रास झालाच तर गोळी मनानं बंद न करता डॉक्टरांना मोकळेपणानं सांगायचं. त्या भागात अचानक खूप दुखू लागलं, सूज आणि ताप आला, तर मात्र तडक दवाखाना.

इतका वेळ साखरेमुळे संसर्ग होतो असं सांगितलं, पण गाडी उलटीही फिरते. अंगात कुठेही पू झाला की शरीर तणावाची संप्रेरकं सोडतं आणि ती साखर वाढवतात. "पथ्य तेच, औषध तेच, पोह्याबरोबरची जिलबीसुद्धा सोडली, तरी शुगर तीनशे कशी?" असं कुणी म्हणालं की मी आधी म्हणायची, मोजे काढा, बेचके दाखवा, पाठ दाखवा, दात दाखवा. बरेचदा कुठेतरी काहीतरी सापडायचं. साखर पू वाढवते, पू साखर वाढवतो. म्हणून दोन्हीवर एकदमच उपचार करावे लागतात. आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनानं बंद करणं तर फारच धोक्याचं. २०२१ मध्ये कोविडनंतर काळी बुरशी आली तेव्हा हे चक्र आपण सगळ्यांनी इंदूरमध्येही उघड्या डोळ्यांनी पाहिलं. स्टेरॉइडनं चढलेली साखर, त्यात आधीचा मधुमेह, आणि एरवी हवेत असूनही काही न करणारी बुरशी नाकातून डोळ्यापर्यंत पोहोचली.

आपल्या इथल्या एका गोष्टीबद्दल जीव तोडून सांगावंसं वाटतं. नवरात्रात देवासच्या टेकडीवर तुळजाभवानीला आणि चामुंडेला अनवाणी चालत जाणारी कितीतरी मंडळी आपल्यातली आहेत. माझ्या सासूबाई जात असत. नवरात्र संपलं की पुढच्या आठवड्यात ड्रेसिंग रूममध्ये फोड आलेले, खडे रुतलेले पाय यायचे, आणि त्यातले मधुमेहाचे पाय हटकून सर्वांत उशिरा, कारण दुखत नव्हतं. चैत्रातल्या नवरात्रात तर देवळाच्या तापलेल्या फरशीनं तळवे भाजून निघतात आणि माणसाला पत्ता नसतो. पायाला बधिरपणा असेल तर बूट आणि सुती मोजे घालून चाला, वर देवळात मोज्यांनी जा, परत आल्यावर तळपाय बघा. देवी आई आहे, तिला लेकराच्या पायाची काळजी असणारच.

चटक्याचंच दुसरं रूप म्हणजे गरम पाण्याची पिशवी आणि शेक. पाय दुखतात म्हणून घमेल्यात कढत पाणी घेऊन बसणं, पुळीवर गरम पोटीस बांधणं, हे बधिर कातडीवर भाजण्याचं निमंत्रण आहे. पाणी आधी घरातल्या दुसऱ्यानं कोपरानं बघावं. पायाचं कुरूप ब्लेडनं तासू नये. पुळी दाबू नये, विशेषतः नाकाच्या आणि ओठाच्या आसपासची. हळद, चुना, बिब्बा लावून आलेल्या जखमा मी तासन्‌तास धुतल्या आहेत. खाली काय आहे ते दिसतच नाही आणि वेळ निघून जातो.

रामबागेच्या काकांनी नंतर एक चांगली सवय लावून घेतली. दाढीचा छोटा आरसा रात्री फरशीवर ठेवायचा आणि त्यावर पाऊल धरून तळवा बघायचा. त्यांची नजर कमी झाली तेव्हा काकू बघू लागल्या. टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की एक पाय, मग दुसरा, मग बेचके, आणि चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवायचा. दीड वर्षांनी ते पुन्हा आमच्याकडे आले ते काकूंना अंगठ्याच्या बाजूला रुपयाएवढी लाली दिसली म्हणून, दुखत नव्हतं तरी. तीन ड्रेसिंगमध्ये काम झालं.

घरात कुणाला अशी लाली दिसली तर बॉलपेन घ्या आणि तिच्या कडेनं रेघ ओढा, बाजूला वेळ लिहा. शुगर तपासा. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि लाली रेघेच्या बाहेर गेली, ताप आला, कातडी काळी पडली किंवा वास यायला लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नका.